रॉक गार्डनमधल्या त्या काकांना, आप्पांच्या वतीने थँक यू

काका, नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं याची रुखरुख काही जात नाही, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. चंदीगडला कुणाची ओळख असेल आणि रॉक गार्डनमध्ये पूर्वी मजुरी केलेले एक वयस्कर काका माहीत असतील तर प्लीज त्यांना हे हिंदीत वाचून दाखवा.

माझे आप्पा गवंडी. चाळीस वर्षं सांगलीकडं घरं बांधली, शिकवायला कुणी नव्हतं, बघून बघून शिकले. गुडघे गेले तशी थापी सुटली आणि मग बोलणंही कमी होत गेलं. भावाची बदली चंदीगडला झाली म्हणून त्यांना घेऊन गेलो, तर म्हणाले बाग काय बघायची, मी गाडीतच बसतो.

आत ती बुटकी दारं आली. टाकाऊ वस्तूंतून ही पुतळ्यांची बाग उभी करणाऱ्या नेकचंदजींनी ती मुद्दाम तशी ठेवलीत, राजाच्या दरबारात जाताना माणसानं वाकूनच जावं म्हणून, पण आप्पांना वाकताच येईना, मागं लाईन लागली, लोक चुकचुकायला लागले. तेव्हा तुम्ही कुठूनसे आलात, एका हातानं त्यांचा दंड धरलात आणि दुसरा हात वरच्या दगडाखाली ठेवलात, म्हणजे डोकं लागलंच तर तुमच्या हातावर लागेल. काका, ते मी कधी विसरणार नाही.

पुढं कपबशांच्या तुकड्यांच्या त्या भिंतीपाशी आप्पा थांबले ते थांबलेच. एका पुतळ्याच्या पायावरनं बोट फिरवून त्यांच्या मोडक्या हिंदीत विचारलं, "अंदर क्या है, सळई?" आणि तुम्ही त्यांच्याशेजारी बसलात. आत सायकलची फ्रेम नाहीतर सळई, त्यावर सिमेंट-वाळूचा माल थापायचा, मग वरनं नुसत्या सिमेंटचा हात आणि तो ओला आहे तोवर बांगड्यांचे तुकडे दाबून बसवायचे. आप्पा म्हणाले, "म्हणजे आमचा नीरूच की!" नीरू म्हणजे गिलाव्यावरचा शेवटचा गुळगुळीत हात, हा शब्द तुम्हाला कळला की नाही माहीत नाही, पण तुम्ही हातानं घोटल्यासारखं करून दाखवलंत आणि दोघंही हसलात. आप्पा असे हसलेले मी दोन-तीन वर्षांत पाहिले नव्हते.

नेकचंदजींची गोष्ट मी वाचलेली होती, की फाळणीत गाव पाकिस्तानात राहिलं, इथं रोड इन्स्पेक्टरची नोकरी, आणि १९५७ च्या सुमारास सुखना तलावाजवळच्या, बांधकामाला बंदी असलेल्या जंगलात एकट्यानं लपून काम सुरू केलं, नवं शहर उभं करायला जी गावं पाडली त्यांचा राडारोडा आणि नदीपात्रातले दगड सायकलवरनं आणायचे, रात्री जुने टायर पेटवून त्या उजेडात बसवायचे. सरकारला कळेपर्यंत अठरा वर्षं गेली. पण तुमच्या तोंडून ऐकताना वेगळंच वाटलं. १९७६ मध्ये बाग लोकांना खुली झाली आणि नेकचंदजींना पगार नि पन्नास मजूर मिळाले, एवढी एक ओळ सगळीकडं असते, पण त्या मजुरांची नावं मी कुठं वाचली नाहीत. तुम्ही नंतरच्या काळात कामाला लागलात म्हणालात आणि एका भिंतीवर हात ठेवून सांगितलंत, ही आमच्या टोळीची. आप्पांनी लगेच विचारलं, तराई किती दिवस केली, म्हणजे पाणी किती दिवस मारलं? काका, त्यांना असं गवंडी म्हणून कुणी वागवलं नव्हतं बऱ्याच दिवसांत, घरी आम्हीसुद्धा नाही, आम्ही नुसती औषधं घेतली का विचारतो.

१९९० मध्ये रस्त्यासाठी बाग पाडायला बुलडोझर आले तेव्हा लोक आडवे उभे राहिले होते, ते सांगताना तुमचा आवाज बदलला. बरं झालं उभे राहिले. नाहीतर आप्पांना मी काय दाखवलं असतं?

परत आल्यापासून आप्पा परसात बसतात. शेजारच्या बायकांना फुटक्या बांगड्या टाकू नका म्हणून सांगून ठेवलंय, भंगारवाल्याकडनं सायकलची एक फ्रेम आणलीय, माल कालवायला नातवाला बसवतात आणि पाणी जास्त झालं की ओरडतात. मोर करायचाय म्हणे. मान तिसऱ्यांदा पडली परवा.

तुमचे पाय धरायचे राहिले ते इथनंच धरते. आणि आप्पांनी एवढं विचारायला सांगितलंय, कपाचे तुकडे बसवायच्या आधी पाण्यात भिजवून घेत होतात का, का कोरडेच?