डावणीची बुरशी आणि सातवीचे विज्ञान : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : सहावी ते आठवीच्या नव्या विज्ञान पुस्तकांत नैसर्गिक निवडीला स्वतंत्र पाठ मिळण्याबाबत.

महोदय,
सविनय नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. राज्यात नवी पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने येत आहेत. त्या निमित्ताने एकच मागणी आहे. नैसर्गिक निवड, म्हणजे परिस्थितीत तगणारे सजीव उरतात आणि पिढ्यांमागून त्यांचेच प्रमाण वाढत जाते ही गोष्ट, मुलांना दहावीपर्यंत थांबायला न लावता सातवीतच नीट शिकवू द्या, आणि ती चार ओळींत उरकू नका.

सध्या सातवीच्या सामान्य विज्ञानात पहिलाच पाठ ‘सजीव सृष्टी : अनुकूलन व वर्गीकरण’ असा आहे. वाळवंटातले, पाण्यातले सजीव भेटतात, डार्विनच्या वाट्यालाही थोडी जागा येते, आणि गाडी वर्गीकरणाकडे वळते. उत्क्रांतीची खरी गाठ पडते ती दहावीच्या दुसऱ्या भागात, ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या पाठात. तोवर बोर्डाची परीक्षा डोक्यावर आलेली असते. मुले लॅमार्कचा उत्क्रांतीचा सिद्धांत एका रकान्यात, डार्विनचा दुसऱ्या रकान्यात पाठ करतात आणि मोकळी होतात. त्यातली कितीतरी पुढे आयटीआयला, कॉमर्सला, कला शाखेला जातात. जीवशास्त्राशी त्यांचा संबंध तिथेच संपतो.

मधल्या तीन वर्षांत काय होते ते सांगते. मुलांच्या डोक्यात अनुकूलन पक्के बसते, पण उलटे बसते. उंटाला वाळूत चालायचे होते, म्हणून त्याचे पाय तसे झाले. जिराफाला पाला हवा होता, म्हणून मान वाढली. गरज पडली की शरीर बदलते, असा त्यांचा समज होतो. आम्ही शिक्षकही बोलण्याच्या ओघात हेच बोलून जातो. एकदा हा समज मुरला की दहावीच्या दहा तासांत तो निघत नाही.

हा समज किती महागात पडतो, हे आमच्या भागात द्राक्षबागेत दिसते. कुणाही बागायतदाराला विचारा, डावणी या द्राक्षाच्या रोगावर अमुक औषध चालेना का झाले? उत्तर ठरलेले आहे : ‘बुरशीला औषधाची सवय झाली.’ (शास्त्रीय वर्गीकरणात डावणी ही खरी बुरशी नव्हे, पण बागेत तिला बुरशीच म्हणतात, मीही तेच म्हणते.) मुले घरी हेच ऐकतात आणि वर्गात हेच सांगतात.

प्रत्यक्षात सवय कुणालाच झालेली नसते. पानाच्या मागे जी पांढरी लव दिसते, तिच्यातले असंख्य बीजाणू एकसारखे नसतात. स्ट्रॉबिल्युरिन गटातली औषधे डावणीच्या श्वसनातल्या एका प्रथिनाला चिकटून तिची ऊर्जा बंद पाडतात. त्या प्रथिनात १४३व्या जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी ॲलनिन हे दुसरे आले की औषध तिथे काम करत नाही. एवढ्याशा फरकाचे थोडे बीजाणू फवारणीआधीच बागेत असू शकतात. ते फवारणीने घडत नाहीत. फवारणी बाकीच्यांना मारते आणि यांना रान मोकळे करून देते. ढगाळ हवा, ओली पाने मिळाली की आठवड्याभरात पुढची पिढी तयार होते. फळछाटणीनंतर तेच औषध पुन्हा पुन्हा मारले, तर थोड्याच पिढ्यांत बागेत बहुतेक तेच उरतात. एकाही बीजाणूने स्वतःला बदललेले नसते. बदललेले असते ते त्यांच्या समूहातले प्रमाण.

१४३ हा आकडा सातवीच्या मुलाला नको, तो शिक्षकाला ठाऊक असला तरी पुरे. मुलाला कळायला हवे ते शेवटचे वाक्य. ‘सवय झाली’ असे मानणारा माणूस डोस वाढवतो. डोस वाढला की खर्च वाढतो, रेसिड्यू (फळात उरणारा औषधाचा अंश) वाढतो, निर्यातीचा माल अडकतो. निवड समजलेला माणूस औषधाचा गट बदलतो. दुकानदाराने वेगळ्या नावाचा डबा हातात ठेवला तरी आतला गट तोच आहे का, हे तो आधी पाहतो, कारण एका स्ट्रॉबिल्युरिनला दाद न देणारी डावणी दुसऱ्यालाही सहसा दाद देत नाही. क्षयरोगाच्या गोळ्या मध्येच सोडू नका, असे आरोग्यसेविका घरोघरी सांगत फिरतात, त्यामागेही हेच कारण आहे. ते कारण आम्ही पोराला पंधराव्या वर्षापर्यंत सांगत नाही.

हे सगळे मुलांना अवघड जाईल, असे मला वारंवार ऐकवले जाते. इंग्लंडमध्ये २०१४पासून दहा-अकरा वर्षांच्या मुलांना उत्क्रांती शिकवली जाते. आणि आमच्या मुलांना तर निम्मा धडा घरूनच येतो. आटपाडीच्या पोराला विचारा, खिलार वळू कसा निवडतात? शिंगे, पाय, रंग, चाल, सगळे तो सांगेल. तासगावचीच ‘तास-ए-गणेश’ ही द्राक्षाची जात थॉमसन सीडलेसमधून वेगळी दिसलेली वेल हेरून, तिच्या काड्या लावून पुढे आली. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या १८५९च्या ग्रंथात डार्विननेही सुरुवात प्रवासात पाहिलेल्या गालापागोसच्या बेटांपासून केली नव्हती, माणसाने पाळलेल्या जनावरांपासून आणि कबुतरांपासून केली होती. माणूस निवडतो तेव्हा काय होते, हे पोराला माहीत आहे. निवडणारा कुणी नसतानाही निवड कशी होते, एवढेच शिकवायचे उरते.

त्यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही. वर्गात एक मातकट सतरंजी अंथरायची. तिच्यावर मटकी आणि पांढरी चवळी सारख्या संख्येने विखरायची. चार मुले पक्षी होतात, अर्ध्या मिनिटात दिसेल ते वेचतात. उरलेल्या प्रत्येक दाण्यामागे त्याच जातीचा एक दाणा टाकायचा आणि पुन्हा वेचायचे. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत सतरंजीवर मटकीच मटकी होते. मग विचारायचे, एका तरी चवळीने रंग बदलला का? सातवीचा वर्ग या प्रश्नावर जेवढा भांडतो, तेवढा दहावीचा भांडत नाही.

पुढचा प्रश्न साताऱ्यात आहे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या आसपास शिकारी पक्षी कमी झाले आणि सरडे वाढले, असे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांना दिसले. २०१८मध्ये ते प्रसिद्ध झाले. गळ्याखाली निळा-काळा-नारिंगी पंखा असलेले हे सरडे तिथे माणूस बराच जवळ गेल्यावरच पळतात, आणि नरांचे रंगही फिके आहेत. हा फरक अन्नासाठीच्या चढाओढीमुळे त्या त्या सरड्यात आला, की पिढ्यांच्या निवडीतून आला? आठवीच्या वर्गाला आठवडाभर पुरेल असा हा वाद आहे, आणि सहलीच्या बसने तिथे जाताही येते. कास पठारही जवळच आहे. तिथे सगळे फुलांसोबत फोटो काढतात. जांभ्यावरच्या नायट्रोजन कमी असलेल्या पातळ मातीत दवबिंदूसारखी कीटक खाणारी वनस्पती का टिकून आहे, हे विचारायला कुणी थांबत नाही.

आता अडचणीच्या विषयाकडे येते. जानेवारी २०१८मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी आपल्याच राज्यात, औरंगाबादेत, डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे म्हटले. माकडाचा माणूस झालेला कुणी पाहिला नाही, असा त्यांचा मुद्दा होता. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून तो खोडला. २०२३मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातला उत्क्रांतीचा भाग कायमचा गेला. अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि इतरांनी सह्या करून आक्षेप घेतला, तरीही गेला. आपल्या राज्याच्या पुस्तकात तो आहे, याचे मला समाधान आहे. तो राहावा.

पालक विरोध करतील ही भीती मला फारशी खरी वाटत नाही. आमच्याकडचे पालक एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला यातले काय येते, एवढेच विचारतात. ‘माणूस माकडापासून झाला का?’ हे मात्र मुले हमखास विचारतात. त्याचे सरळ उत्तर आहे : आजच्या कुठल्याही माकडापासून नाही. माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी एकच होते. काही सहकारी म्हणतात, मत्स्य, कूर्म, वराह, आपल्या दशावतारात हे होतेच की. असेल. पण तिथे एकामागून एक येण्याचा क्रम आहे, कारण नाही. डार्विन आणि त्याचा समकालीन निसर्ग-अभ्यासक वॉलेस यांनी कारण शोधले, आणि शिकवायचे आहे ते कारणच.

पाठ लिहिला तरी शिकवणार कोण, हा प्रश्न आपण विचारालच. सहावी ते आठवीला विज्ञान शिकवणारे अनेक जण स्वतः जीवशास्त्र शिकलेले नाहीत. त्यांच्यासाठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांमार्फत या एका विषयावर दोन दिवसांचे प्रशिक्षण ठेवा. त्यात पीपीटी कमी आणि मटकी-चवळी जास्त असू द्या. पाठातली उदाहरणे जिल्ह्याजिल्ह्यांतली घ्या. विदर्भात गुलाबी बोंडअळी आहे, आमच्याकडे डावणी आहे. इंग्लंडमध्ये काजळीने काळवंडलेल्या झाडांवर काळे पतंग जास्त टिकले, ते नेहमीचे उदाहरण राहू दे, पण पहिले उदाहरण ते नको.

आणि प्रश्नपत्रिकेचे तेवढे बघा. आमच्या शाळांत परीक्षेला येते तेच शिकवले जाते, हे आपणही जाणता. ‘डार्विनचा सिद्धांत थोडक्यात लिहा’ हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी असा प्रश्न येऊ द्या : एका शेतकऱ्याने सलग तीन हंगाम एकाच गटाचे औषध फवारले, चौथ्या हंगामात ते चालले नाही. त्याचा शेजारी म्हणाला, बुरशीला सवय झाली. शेजाऱ्याचे काय चुकले?

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका,
ता. तासगाव, जि. सांगली