डागडुजी करताना ‘ॲज एनी’ही काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्चअखेर जवळ आली की पतसंस्था, दूध संस्था आणि सोसायट्यांचे फोन आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे सुरू होतात. यातल्या कित्येकांचा हिशेब आजही व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालतो. ही आवृत्ती १९९८ सालची. तिचा प्रोग्रॅम आजच्या विंडोजवरही उघडतो, म्हणून संस्था तो बदलत नाहीत. पैशाची ओढाताण पाहता ते मला पटते. पण दरवर्षी त्यात जी ठिगळे लावली जातात, त्यांबद्दल लिहायलाच हवे.

अशा प्रोग्रॅममधून विंडोजच्या स्वतःच्या रूटीन, म्हणजे ठरावीक काम करणारे तयार कोड, बोलावता येतात. त्यातली ‘सेंडमेसेज’, म्हणजे पडद्यावरच्या खिडकीला किंवा यादीला हुकूम पाठवणारी, फार वापरात आहे. तिला द्यायच्या माहितीत चौथ्या जागी कधी आकडा लागतो, कधी मजकूर, कधी आकड्यांची रांग. दरवेळी वेगळे काय लिहायचे, म्हणून तिथे ‘ॲज एनी’ लिहायची सोय आहे, म्हणजे काहीही चालेल. हे लिहिले की कंपायलर (लिहिलेला कोड तपासून त्याचा प्रोग्रॅम बनवणारे साधन) त्या जागेची तपासणीच सोडून देतो. काय पाठवायचे आणि कसे, हे सगळे प्रोग्रॅमरच्या आठवणीवर राहते.

एका पतसंस्थेत खातेदाराचे नाव ‘सेंडमेसेज’ने यादीत शोधणारी खिडकी होती. नाव यादीत डोळ्यांना दिसत होते, पण शोधायला सांगितले की उत्तर उणे एक, म्हणजे सापडले नाही. कारकून ताईंनी नाव नाही असे समजून त्याच माणसाचे दुसरे खाते उघडले. कर्ज एका खात्यावर, हप्ते दुसऱ्यावर. कोड उघडून पाहिला, तर आधीच्या दुरुस्तीत ‘बायव्हॅल’, म्हणजे मूल्य जसेच्या तसे पाठवा असे सांगणारा, एक शब्द गळाला होता. त्यामुळे विंडोजकडे मजकुराचा मेमरीतला पत्ता जायचा, तिथे त्या पत्त्याचाच पत्ता गेला, आणि तिथले बाइट अक्षरे समजून विंडोज भलतेच नाव शोधत बसली. एररची खिडकी आली नाही. प्रोग्रॅम कोसळला असता तर निदान त्याच दिवशी कळले असते!

यावरचा उपाय भाषेतच आहे. ‘अलायस’ वापरून त्याच रूटीनला कामापुरती वेगळी नावे द्यायची. नाव शोधण्यासाठी एक, तिथे चौथी जागा बायव्हॅल स्ट्रिंग (मजकूर). यादीतले रकाने आखण्यासाठी दुसरे, तिथे लाँग (चार बाइटचा पूर्णांक). मग बायव्हॅल लक्षात ठेवावे लागत नाही. रकान्यांसाठी कुणी चार बाइटच्या लाँगऐवजी दोन बाइटचे इंटिजर दिले, तर कंपायलर तिथेच अडवतो. ‘ॲज एनी’त ते बिनतक्रार जातात आणि विंडोज दोन-दोन आकडे जोडून एक वाचते. खुद्द मायक्रोसॉफ्टने २००२ च्या व्हीबी डॉट नेटमधून ‘ॲज एनी’ काढून टाकले.

तोच ढिलेपणा आता एक्सेलच्या मॅक्रोंमध्ये, म्हणजे त्यात लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, दिसतो. ऑफिस २०१९ पासून ६४-बिट आवृत्ती आपोआप बसते आणि विंडोजच्या रूटीन बोलावणारे जुने मॅक्रो अडतात. मग ‘पीटीआरसेफ’ हा शब्द चिकटवून मोकळे होतात. तो शब्द ही प्रोग्रॅमरने दिलेली हमी आहे, व्हीबीए, म्हणजे मॅक्रोंची भाषा, ती पडताळून पाहत नाही. आठ बाइटचा पत्ता चार बाइटच्या लाँगमध्ये तसाच राहिला, तर अर्धा कापला जातो. पत्ते असतील तिथे ‘लाँगपीटीआर’ (६४-बिटमध्ये आठ बाइटचा प्रकार) लिहायलाच हवे.

संस्थांच्या संचालकांना माझी कळकळीची विनंती आहे : दुरुस्तीचे बिल देण्यापूर्वी सोर्स कोड ताब्यात घ्या आणि ‘ॲज एनी’ किती जागी उरले आहे ते लेखी मागा. कोडमध्ये हा शब्द शोधायला प्रोग्रॅमरला फार वेळ लागत नाही. आणि पॉलिटेक्निकच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये ‘ॲज एनी’ दिसले, तर सही करण्याआधी तिथे कोणता प्रकार हवा होता, हे विचारावे.

— एक सॉफ्टवेअर व्यावसायिक, सांगली