सोयाबीनचा वास वाणातूनच घालवा

महोदय,

सोयादूध आणि सोयापनीर अनेकांना नकोसे वाटते ते त्यांच्या हिरवट, उग्र वासामुळे. दाणा थंड पाण्यात दळला की त्यातले लायपॉक्सिजिनेज हे विकर तेलातील लिनोलिक आम्लाचे ऑक्सिडीकरण करते. एकदा हा वास तयार झाला की नंतर कितीही उकळले तरी तो पुरता जात नाही. म्हणून भिजवलेले दाणे थेट उकळत्या पाण्यात टाकून गरमच दळावे लागतात. इंधनाचा खर्च वाढतो तो इथेच.

खरा उपाय बियाण्यात आहे. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेच्या 'एनआरसी १४२' वाणात लायपॉक्सिजिनेज-२ (याच विकराचा एक प्रकार) नाही, आणि पचनात अडथळा आणणारा कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटरही नाही. (दूध तरीही नीट उकळायलाच हवे.) पुण्याच्या आघारकर संस्थेने 'एमएसीएस' मालिकेत उत्पादनक्षम वाण दिले. या गुणाचा संकर त्यांच्याशी व्हावा.

सोयाबीन स्वपरागीत असल्याने गुण टिकतो. भेसळ होते ती मळणीयंत्रात आणि बाजार समितीच्या ढिगात. त्यामुळे मळणीयंत्र आधी साफ करावे, पोती वेगळी ठेवावीत आणि प्रक्रियादारांनी अशा मालाला जादा दर देऊन पेरणीपूर्वीच करार करावेत.

– एक सोयाप्रक्रिया व्यावसायिक, पुणे