फाइलवर गाणाऱ्याचं नावसुद्धा नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

फुकट गाणी डाउनलोड करण्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "कलाकाराला तसंही काय मिळतं, सगळं कंपनीच खाते, मग आपण फुकट घेतलं तर काय बिघडलं?" मी स्वतः कित्येक वर्षं हेच म्हणत होते आणि आता ते मला अजिबात पटत नाही, म्हणून हे पत्र.

माझी एक मैत्रीण गाते. तिच्या रेकॉर्डिंगला मी एकदा दिवसभर बसले होते. अंतऱ्यातली एकच ओळ, शेवटच्या शब्दाला श्वास पुरत नव्हता म्हणून तिने सतरा वेळा गायली, हेडफोन काढायची, पाणी प्यायची, परत उभी. स्टुडिओचं भाडं तासावर, व्हायोलिनवाल्याचे पैसे वेगळे, मिक्सिंगचे वेगळे, सगळं तिच्याच खिशातून, मध्ये कंपनी वगैरे कुणी नव्हतंच. महिनाभरात ते गाणं एका फुकट साइटवर दिसलं. मी उतरवून बघितलं तर कलाकाराच्या जागी त्या साइटचं नाव आणि गाण्याच्या जागी नुसतं 'ट्रॅक 07'. पैसे गेलेच, पण नावही गेलं. उद्या कुणाला ते गाणं आवडलं तरी तो तिला शोधणार कसा?

1999 मध्ये नॅपस्टर, म्हणजे एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून गाणी फुकट उतरवायची सोय, आलं तेव्हा लोक म्हणायचे सीडी महाग आहे, एका गाण्यासाठी अख्खा अल्बम का घ्यायचा. ते खरंही होतं. पण 2003 पासून आयट्यून्सवर सुटं गाणं विकत मिळायला लागलं, मग महिन्याची वर्गणी भरून नेटवर हवं ते गाणं ऐकायचं स्ट्रीमिंग आलं, कारणं एकेक करून संपली आणि सवय तेवढी राहिली.

स्ट्रीमिंगमध्ये सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. बहुतेक ठिकाणी सगळ्यांचे पैसे एकत्र करून एकूण किती वेळा काय वाजलं त्या हिशोबाने वाटतात, म्हणजे मी महिनाभर एकाच छोट्या गायकाला ऐकलं तरी माझे बरेचसे पैसे मी कधी न ऐकलेल्या मोठ्या नावांकडे जातात. स्पॉटिफायवर तर 2024 पासून एखादं गाणं मागच्या 12 महिन्यांत किमान 1000 वेळा वाजलं नसेल तर त्याची रॉयल्टीच मिळत नाही. मला हे फार लागतं. पण कंपनी कमी देते म्हणून आपण उरलंसुरलंही द्यायचं नाही, हा कुठला न्याय?

आणि "कॉपी केली तर मूळ गाणं तिथेच राहतं, मग चोरी कशी" असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की फुकट द्यायचं का नाही हे ज्याचं गाणं त्याने ठरवायचं. रेडिओहेड बँडने 2007 मध्ये आपला अल्बम स्वतःच्या साइटवर ठेवून किंमत ऐकणाऱ्यांवर सोडली होती, शून्य दिलं तरी चालत होतं. तिथे फुकट घेण्यात काहीच गैर नव्हतं, कारण परवानगी त्यांची होती. ज्याच्याकडे खरंच पैसे नाहीत किंवा जे रेकॉर्डिंग कुठे विकतच मिळत नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

बँडकॅम्प या साइटवर कलाकार आपली गाणी थेट विकतात, तिथे डिजिटल विक्रीतले साधारण 15 टक्के साइट ठेवते आणि पेमेंटचा खर्च वजा जाऊन बाकीचे कलाकाराकडे जातात. मी आता माझा जुना फोल्डर उघडून एकेक नाव शोधतेय, मिळेल त्याचं गाणं विकत घेतेय. पण अर्ध्याअधिक फायलींवर नावच नाही, त्यांचे पैसे कुणाला द्यायचे ते मला अजून कळलेलं नाही.

आपली,
एक वाचक