पाटोवरच्या पायलटकाकांना, ज्यांच्याकडे कधीच सुटे नसतात

पायलटकाका, नमस्कार.

हे असं सगळ्यांसमोर लिहायचं कारण एकच, फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही. मी "काका, खरंच तुमच्यामुळे..." इथपर्यंत येते आणि तिकडून "हां हां, बरें" आणि खट्, फोन बंद. चार वेळा झालंय हे. म्हणून आता लिहूनच काढते, तुमची सून वाचून दाखवेल, फक्त ती वाचत असताना उठून बाईक पुसायला जाऊ नका म्हणजे झालं.

बाकीच्यांना आधी सांगते, गोव्यात पायलट म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला. काळी बाईक, पुढचं मडगार्ड पिवळं, स्टँडवर लाईनीत उभे असतात, भाडं विचारायचं आणि मागे बसायचं. माझ्या आईला हे माहीत नव्हतं. "मला पायलटने सोडलं" असं पहिल्या रात्री फोनवर सांगितल्यावर ती दोन मिनिटं काही बोललीच नाही.

मी मिरजेची, आर्किटेक्चरची. उन्हाळ्यात दहा आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली पणजीतल्या एका छोट्या ऑफिसात, जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतात ते. घरापासून लांब एकटी राहायची पहिलीच वेळ. कोल्हापूरहून बस धरली, आंबोलीत गाडी बंद पडली, आणि पणजीत पाटोच्या कदंब स्टँडवर, म्हणजे सरकारी बसच्या स्टँडवर, उतरले तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेले. ज्यांच्याकडे खोली ठरवली होती, तीन हजार ॲडव्हान्स पाठवले होते, त्यांचा फोन स्विच ऑफ. दोन बॅगा, पाठीवर सॅक, हातात ड्रॉइंगची नळी, आणि डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही म्हणून मी उगाच वेळापत्रकाचा बोर्ड वाचत उभी.

तुम्ही ट्यूबलाईटखाली बाईकवर आडवे बसून मराठी पेपर वाचत होता. पेपरची घडी केली आणि म्हणालात, "कन्ये, कोठे जाणे आहे?"

मला वाटलं चेष्टा करतोय हा माणूस. नंतर कळलं की तुम्ही खरंच असंच बोलता. घरात कोंकणी, आणि मराठी मिळाली ती शाळेतून, पेपरातून आणि गावच्या जत्रेतल्या नाटकांतून, जिथे तुम्ही गेली कित्येक वर्षं सरदाराचं काम करता. त्यामुळे तुमच्या मराठीला कायम कमरेला तलवार असते. त्या रात्री आईला फोन लावून मी तुमच्या हातात दिला, तर तुम्ही खणखणीत आवाजात, "वहिनी, चिंता नसावी. आपली कन्या सुखरूप आहे." आई म्हणते, त्या वाक्यानेच तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली!

पण तुम्ही काय केलंत ते मी विसरणार नाही. मला कुठे घेऊन जायच्या आधी बहिणीला फोन लावला, स्पीकरवर टाकला, मला तिच्याशी बोलायला लावलं, मग आईला तिच्याशी बोलायला लावलं, आणि या तिघींचं ठरल्यावरच किक मारली. एक बॅग टाकीवर, एक माझ्या मांडीवर. पाटोचा पूल ओलांडून फोंतायनसच्या पिवळ्या-निळ्या घरांमधून मळा नावाच्या भागात, मारुतीच्या देवळाच्या अलीकडे. तुमच्या बहिणीने, म्हणजे माझ्या मावशींनी, दार उघडलं ते "जेवलें गो?" म्हणतच. मी पाचशेची नोट पुढे केली, तुम्ही खिसे चाचपले. "सुटे ना. मागीर दी."

मागीर म्हणजे नंतर. हा मी शिकलेला पहिला कोंकणी शब्द, आणि आपला सगळा हिशोब याच शब्दावर चाललाय.

दुसरा धडा 'तू'चा. तुमच्या स्टँडवरचा विशीतला पोरगा तुम्हाला सरळ "तूं खंय वता?" विचारतो, मावशी डॉक्टरांनाही तूं म्हणतात, आणि मी मिरजेची पोरगी, मोठ्यांना अहोजाहो करत वाढलेली, पहिले आठ दिवस मला प्रत्येक वाक्याला दचकायला व्हायचं. तुम्ही म्हणालात, "देवाला काय म्हणतेस? तू ना? मग?" याच्यावर उत्तर नव्हतं. तरी माझ्या तोंडून तुम्हाला तू निघालं नाही ते नाहीच, या पत्रातही निघत नाहीये.

ऑफिसबद्दल फार लिहीत नाही. सुरुवातीचे दोन आठवडे जुनी ड्रॉइंग स्कॅन कर, चहा सांग, यातच गेले. मग एका जुन्या घराचं मोजमाप माझ्याकडे आलं. मधे राजांगण, तुळस, चारी बाजूंनी ओसरी, आणि रस्त्याकडच्या खोल्यांना शिंपल्यांच्या खिडक्या. काच महाग होती तेव्हा लाकडी चौकटीत चपटे शिंपले घासून बसवायचे, त्यातून उजेड येतो तो दुधासारखा. मी त्या खिडकीची मापं घेऊन बसले होते आणि तुम्ही न्यायला आला होता. एकच विचारलंत, "वर चढलीस का?" नव्हते चढले. छत मी खालूनच अंदाजाने काढलं होतं, कुणाला काय कळणार.

पुढच्या रविवारी तुम्ही मला स्वतःच्या घरी नेलं. मे महिन्याचा शेवट, पाऊस तोंडावर, तुमच्याकडे छपराचे नळे, म्हणजे कौलं, परतायला माणसं आलेली. शिडी लावली आणि म्हणालात, चढ. काका, चार वर्षं मी कॉलेजात छपरांचे सेक्शन काढतेय, पण वाशावर पाय कुठे ठेवायचा, फुटका नळा नुसत्या टकटक आवाजावरून कसा ओळखायचा, वळचणीपासून वर जायचं की वरून खाली यायचं, माकडं नेमकी कुठून उड्या मारतात म्हणून कुठले नळे दरवर्षी सरकतात, हे मला त्या दुपारी कळलं. गुडघे भाजले, उन्हाने तोंड काळं झालं. खाली आल्यावर तुमच्या घरच्यांनी सोलकढी दिली आणि जाताना पुरुमेंताच्या सामानातली वाटीभर आमसुलं बांधून दिली, म्हणजे तुमच्या पावसाळ्याच्या साठ्यातली. सोमवारी मी त्या जुन्या घराचं छत परत मोजलं, यावेळी वर चढून. माझ्या रिपोर्टातली जी एक शीट बघून आमचे सर काही न बोलता पान उलटायचे थांबले, ती ती.

आता वहीचं. हे कॉलेजात कुणालाच सांगितलेलं नाही.

जूनचा दुसरा आठवडा, पाऊस असा की छत्री म्हणजे फक्त समाधान. म्हापशाहून येणाऱ्या प्रायव्हेट बसमधे मी माझी साईटची वही विसरले. नऊ दिवसांची मापं, कच्ची स्केचेस, सगळं त्यात, फोटो अर्ध्याचेही काढलेले नाहीत. बसचा नंबर माहीत नाही, रंग आठवत नाही, एवढंच आठवतंय की ड्रायव्हरच्या पुढे येशू आणि साईबाबा शेजारी शेजारी होते. हे मी तुम्हाला रडत रडत सांगितलं. तुम्ही म्हणालात, "कन्ये, अश्रू आवर. येशू कुठल्या बाजूला होता?"

मग जे झालं ते मी चहाच्या गाड्यापाशी उभी राहून बघितलं. तुम्ही एक फोन लावलात म्हापशाच्या स्टँडवरच्या पायलटला, त्याने पर्वरीच्याला, तिकडून अजून कुणाला तरी, एक कंडक्टर कुणाचा तरी मेहुणा निघाला, आणि पावणेतीन तासांनी एक ओळखीपाळखीचा नसलेला माणूस रेनकोटातून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली माझी वही घेऊन पाटोवर हजर. भाडं घेईना. त्याला मी थँक्यू म्हणाले तर तो तुमच्याकडे बघून हसला नुसता. नंतर तुम्ही शिकवलंत की अशा वेळी म्हणायचं "देव बरें करूं". म्हणजे फेडायचं कामच देवावर ढकलून मोकळं व्हायचं, सोय बघा किती.

बाकी वीकेंडची भटकंती. तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ मला बघायचंच होतं, कदंब राजांच्या काळातलं, जांभ्याच्या मुलखात चक्क काळ्या बेसाल्टमधे बांधलेलं. पण तुम्ही "पावसात एवढं लांब? बाय, माझी कंबर सरकारी नाय" म्हणून हात जोडलेत, मग ऑफिसच्या मुलींबरोबर गाडीने जाऊन आले. जळवा चावल्या, देऊळ सुंदर, बास. समुद्रावर मी दोनदाच गेले, जूनमधला समुद्र लांबूनच बरा. सांजावला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, २४ जूनला, तुमच्या मित्राच्या वाड्यावर नेलंत, डोक्यावर पानाफुलांची कोपेलं घातलेली पोरं विहिरीत धडाधड उड्या मारत होती आणि मी विहिरीचा व्यास मोजत होते, यावरून तुम्ही अजून चिडवता.

पण तो दिवाडीचा रविवार. त्याचं काय करू मी?

सकाळी जुने गोवे. बॉम जेझूसच्या चर्चसमोर उभं राहून मी तुम्हाला माहिती द्यायला लागले, १६०५ सालची वास्तू, भिंतींवरचा गिलावा १९५०च्या दशकात काढून टाकला, म्हणून आतला चिरा असा उघडा दिसतो, लोकांना वाटतं मूळचीच अशी आहे. तुम्ही ऐकून घेतलं आणि म्हणालात, "म्हणजे म्हाताऱ्या माणसाचे कपडे काढून पावसात उभं केलंय." मी हे वाक्य रिपोर्टात जवळजवळ घातलं होतं.

मग व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर, फेरीबोट, मांडवी लालभडक, पलीकडे दिवाडी. मला वाटलं बेट बघून परत यायचं. तुम्ही सरळ टेकडीवर नेलं, पिएदादच्या चर्चपाशी, तिथल्या स्मशानातल्या छोट्या चॅपलचं छत दाखवलंत, जुन्या देवळाचं दगडी कोरीवकाम. आणि मग विचारलंत, तुझ्या त्या बसवर कदंब लिहिलंय ना, ते कोण माहीत आहे? त्यांचा देव सप्तकोटेश्वर. तो इथे होता, या बेटावर. पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, लोकांनी लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेलं. "देव ज्या वाटेने गेला त्या वाटेने तुला नेतो," म्हणालात, आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन दुसऱ्या फेरीच्या वाटेकडे बघत बसलो. जवळजवळ तासभर. पाऊस, भातखाचरं, एक म्हैस, आपण दोघं आणि एक पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर मागे रिकामी टोपली. त्याच्याकडे उरलेल्या दोन पोया, म्हणजे पाव, होत्या त्या आपण तिघांनी कोरड्याच खाल्ल्या.

नार्व्याचं देऊळ लहानसंच आहे. शिवाजी महाराजांनी १६६८ मधे जीर्णोद्धार करवला ते हे, अलीकडे २०२३ मधे पुन्हा दुरुस्त झालंय. उतरती कौलं, मधे घुमट, पुढे दीपस्तंभ, माझी नजर सवयीने प्लिंथची उंची मोजत होती. तुम्ही चपला काढल्या, आत जाऊन बसलात. इतकी वर्षं स्टेजवर महाराजांचे सरदार झालेला माणूस, मला वाटलं आता इथे एखादं स्वगत होणार, मी मोबाईलही काढून ठेवला होता. तुम्ही काहीच बोलला नाहीत. बाहेर आल्यावर फक्त "चल, फेरी चुकेल" एवढंच. मोबाईल मी गुपचूप खिशात टाकला.

त्या अख्ख्या दिवसाचं भाडं विचारलं तर तुम्ही पेट्रोलचे दोनशे सांगितले. थांबल्याचे? "थांबण्याचे कसले पैसे, थांबलो तर बसलेलोच होतो ना." आणि दोनशेलाही माझ्याकडे पाचशेचीच नोट. मागीर.

जुलैत निघाले त्या दिवशी बस लागलेली, तुम्ही बॅगा डिकीत टाकल्या, कंडक्टरला सांगितलंत "पोरगी आमची, आंबोलीत गाडी बंद पडली तर मला फोन कर", जणू तिथे येऊन इंजिनच दुरुस्त करणार होता. मी खिडकीत बसून तुम्हाला शोधतेय तर तुम्ही एका गिऱ्हाइकाला मागे बसवून पुलाकडे वळलासुद्धा. हात करायचा राहिला, पाया पडायचं राहिलं. तेव्हा राग आला होता थोडा, खरं सांगते.

तर आता हिशोब. पहिल्या रात्रीचे साठ, दिवाडीचे दोनशे, वहीच्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी घेतलेला चहा आणि दोन भजीपाव धरून पन्नास, शेवटच्या दिवसाचे साठ. झाले तीनशे सत्तर. कॉलेजला सुट्टी आहे, मी चवथीला, गणपतीला, येतेय, मावशींना आधीच सांगून ठेवलंय. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची चौकट, बांधायला मला वर चढू द्या, सुपारीचे घड, नारळ, निरफणस कशाला काय बांधता ते मला काढायचंय, मापासकट.

आणि तीनशे सत्तर सगळे दहाच्या नोटांत आणतेय. सदतीस नोटा. मोजून घ्या, मागीर चालणार नाही.

तुमची,
मिरजेची कन्या