मका खराच हवा

प्रिय मित्रा,

अमेरिकन नाटककार सॅम शेपर्डचं 'बरीड चाइल्ड' (पुरलेलं मूल) हे नाटक बसवायला घेतोयस हे वाचून आनंद झाला, आणि धास्तीही वाटली. यातली अनिश्चितता दाखवायची म्हणून पुष्कळदा धूर सोडतात, हिरवट प्रकाश टाकतात. सगळंच स्वप्नासारखं दिसायला लागलं की परसातून आलेल्या मक्याचं कोणाला काय नवल वाटणार?

आधी संहिता नक्की कर. एक १९७८ची, सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅजिक थिएटरमध्ये झालेली. तिलाच १९७९चं पुलित्झर हे अमेरिकन पारितोषिक मिळालं. दुसरी शेपर्डने १९९५ साली शिकागोच्या स्टेपनवुल्फ नाट्यसंस्थेसाठी पुन्हा लिहिलेली. दुसरीत परसात पुरलेल्या बाळाच्या बापाबद्दलचे धागे जास्त उघडे आहेत, म्हणून मी पहिली घेईन. दोन्हींतले संवाद मात्र एकत्र करू नकोस.

वाचनाला बसाल तेव्हा वहीच्या पानावर दोन रकाने आख. डावीकडे प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसतं ते, उजवीकडे नुसतं कोणीतरी सांगतं ते. डावीकडे येईल मका, गाजरं, घरच्या म्हाताऱ्या डॉजने सोफ्यात दडवलेली व्हिस्की, त्याचा मुलगा ब्रॅडलीचा लाकडी पाय, शेवटी थोरला मुलगा टिल्डनच्या हातातलं बाळाचं प्रेत. घरी आलेला विन्स खरंच डॉजचा नातू आहे का, बाळ कोणाचं, ते कसं मेलं, हे सगळं उजवीकडे. मागचं शेतसुद्धा उजवीकडेच. डॉज म्हणतो, १९३५नंतर तिथे मका लावलेलाच नाही, आणि टिल्डन दोन्ही हात भरून कणसं घेऊन आत येतो. शेवटी डॉजची बायको हॅलीला वरच्या मजल्यावरून शेत भरलेलं दिसतं, पण आपल्यापर्यंत पोचतो तो तिचा आवाज. म्हणून नेपथ्यात शेत दाखवू नकोस. पडवीपलीकडे झाडांच्या आकृत्या, पहिल्या दोन अंकांत पाऊस आणि तिसऱ्यात ऊन, एवढं पुरे.

डावा रकाना जितका पक्का, तितका उजवा डळमळेल. म्हणून कणसं खरी आण: वीस-पंचवीस, सालींसकट, त्याच दिवशीची. शिळी साल मऊ पडते, ओढल्यावर आवाज करत नाही, आणि संवादांच्या मधे तो चर्रर्र आवाज हवाच. झोपलेल्या डॉजला टिल्डन त्याच सालींनी झाकतो. साली कमी पडल्या तर ते दृश्य केविलवाणं होतं. टिल्डन करणाऱ्याला पहिल्या आठवड्यापासून सोलायला बसव, नाहीतर हात अडला की वाक्यही अडेल. दुसऱ्या अंकाला साली, बादली, स्टूल सगळं उचललेलं असतं. कणसाचे केस जमिनीला चिकटून राहतात आणि पाय घसरतो; अंधारात झाडू मारायला दोन माणसं आत्ताच ठरवून ठेव.

नटांना 'उत्तरआधुनिक' (कुठलाच एक अर्थ पक्का न मानणारं) हा शब्द सांगू नकोस. संदिग्ध अभिनय करायचा म्हणून ते सगळे सारखेच गुळमुळीत बोलायला लागतील. डॉजला विन्स परकाच वाटला पाहिजे, आणि विन्सची खात्री तसूभरही ढळता कामा नये, निदान दुसऱ्या अंकात तरी. डॉजने ओळख लपवल्याची नुसती झाक दाखवली, तरी सगळं एका म्हाताऱ्याच्या खाष्टपणापुरतं उरतं. विन्सची मैत्रीण शेली हिच्याकडे विशेष लक्ष दे. ती या घरात बाहेरून आलेली. ती प्रेक्षकाच्या वतीने प्रश्न विचारते. तिने घाबरायला घाई केली की प्रेक्षकही विचारायचं सोडतो.

एडवर्ड आल्बी या अमेरिकन नाटककाराच्या 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?' (१९६२) मधेही एक मूल आहे. ते कल्पनेतलं होतं हे शेवटी कळतं आणि पायाखालची जमीन पुन्हा घट्ट होते. इथे मूल खरोखर मातीतून वर येतं, तरी बाप कोण, मका कोणी लावला, ते कळत नाहीच. मला शेपर्ड त्यामुळे जास्त मोठा वाटतो.

प्रेत म्हणजे चिखलाने माखलेल्या कुजक्या कापडात गुंडाळलेली हाडं. चेहरा करू नकोस. आत थोडी वाळू भर, नाहीतर हातात नुसता कापडाचा बोळा दिसेल. टिल्डनने नजर त्यावरच ठेवून जिना सावकाश चढायचा आहे, तेव्हा पायऱ्या रुंद करून घे आणि त्या चढणीची तालीम रोज शेवटी, खऱ्या वजनासह घे. जिन्याचं माप ठरलं की कळव.

तुझाच