‘पिशवीला सूज’ एवढ्यावर पिशवी काढू नये

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

२०१९ मध्ये शासनाच्याच समितीपुढे बीडचा आकडा आला: पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. पुढे खासगी दवाखान्यांना शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. मात्र सोनोग्राफीच्या कागदावर नुसते ‘बल्की युटेरस’, म्हणजे ‘पिशवीला सूज’, लिहिले असेल, तर परवानगी देणाऱ्याने पाहायचे काय?

‘बल्की’ म्हणजे पिशवी मोठी, इतकेच. ती फायब्रॉइडने (स्नायूच्या गाठीने) वाढते, तशी अ‍ॅडेनोमायोसिसनेही. यात आतले अस्तर पिशवीच्या स्नायूत शिरते. म्हणून अंगावरून फार जाते, ओटीपोटात कळा येतात. नेमके एक कारण ठरलेले नाही. बाळंतपण, सिझेरियन, क्युरेटिंग (पिशवी खरवडणे) यांत अस्तर आणि स्नायूमधली सीमा दुखावते आणि त्यातून हा आजार होतो, असा एक प्रमुख तर्क आहे. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर हा आजार पोसला जातो, त्यामुळे पाळी कायमची गेली की त्रास सहसा ओसरतो. हा कर्करोग नव्हे. ती भीती घालून पिशवी काढणे हा अन्यायच.

पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत हा आजार निसटतो. लघवी करवून, योनीमार्गातून तपासावे, आणि अहवालात पुढची-मागची भिंत किती मिलिमीटर, स्नायूत बारीक पाण्याचे फुगे, पंख्यासारख्या सावल्या, अस्तर-स्नायूमधली तुटक सीमा हे सारे लिहायला लावावे. कलर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) महत्त्वाचे: रक्तवाहिन्या जाड भागातून आरपार गेल्या तर अ‍ॅडेनोमायोसिसकडे कल, गाठीभोवती कडे केले तर फायब्रॉइडकडे. शंका उरली तरच एमआरआय. त्यात अस्तर-स्नायूमधल्या सीमेचा पट्टा १२ मिमी वा अधिक असल्यास निदानाला बळ मिळते. पाळीत मात्र तो उगाच जाड भासू शकतो. हिमोग्लोबिन पाहावेच, आणि पंचेचाळिशीनंतर अस्तराचा तुकडाही तपासावा.

मग औषधे. रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झॅमिक, कळा कमी करणारे मेफेनॅमिक, किंवा पिशवीत बसवायचे ५२ मिग्रॅ लेव्होनॉर्जेस्ट्रेल या संप्रेरकाचे साधन. साधी तांबी नव्हे, तिने रक्तस्राव वाढतो. हे साधन बसवल्यावर पहिले तीन-सहा महिने थोडे थोडे रक्त ठिबकते. हे आधी सांगितले नाही, तर बाई घाबरून ते काढायला येते. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीला निघतात. म्हणून ते एप्रिल-मेमध्ये, फडावरून परतल्यावर बसवावे, म्हणजे हा काळ गावातच निभावतो, खाडा पडत नाही.

तरीही पिशवी काढावी लागलीच, तर निरोगी अंडाशय राखावेत. ते लवकर गेले की हाडे ठिसूळ होतात. काढलेली पिशवी पॅथॉलॉजीला पाठवून तो अहवाल सोनोग्राफीशी ताडून पाहणे परवानगीच्या अटीतच घालावे.

आपले,
मराठवाड्यातील स्त्रीरोग व सोनोग्राफी क्षेत्रातले डॉक्टर